लवॉनने मोडलेला दुसरा नियम

आर्विड लोक्कनच्या शेडमध्ये तीन नियम होते. दाराच्या आतल्या बाजूला प्लायवूडच्या फळीवर त्याने ते स्वतःच्या हाताने रंगवले होते. पहिला: टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. दुसरा: एका नावाची पावडर दुसऱ्या नावाच्या डब्यात ओतायची नाही, डब्यावर जे नाव तेच आत. तिसरा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्याला हात आणि डोळे शाबूत ठेवायचे असतील तर एवढं पुरे, असं तो येईल त्याला ऐकवायचा. चर्चमध्ये दहा आज्ञा वाचल्या जात तेव्हा त्याला हमखास डुलकी लागायची, पण या तिन्हींच्या बाबतीत तो झोपेतही जागा असे.

लवॉन त्याची बायको. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती आणि एकेचाळीस वर्षं आर्विडला. शेडमधली फळी तिने कधी मोडली नव्हती. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धुऊन वाळवायला ती मदत करायची आणि पावडरच्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावायची नाही. दुसरा नियम तिने मोडला तो शेडमध्ये नाही, स्वयंपाकघरात.

त्याचं असं झालं. मार्चमध्ये ती आर्विडला ओढत गावातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरणीने त्याच्या छातीला तारा चिकटवल्या, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "दिवसाला कॉफी किती घेता?"

"दोन," आर्विड म्हणाला.

"दोन थर्मास," लवॉन म्हणाली.

रक्तदाब वर होता आणि हृदयाचे ठोके मधूनच उड्या मारत होते. कॉफी बंद, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, नाही सुधारलं तर बिलिंग्ज शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते, असं डॉक्टरणीने बजावलं. आर्विडने शहाण्या मुलासारखी मान डोलावली. घरी आल्यावर कोट काढायच्या आधी त्याने स्वतःसाठी कप भरला.

"काय म्हणाली ती आत्ता?" लवॉनने विचारलं.

"ती पोरगी आहे. माझे बूट तिच्याहून जुने आहेत."

या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, हे लवॉनला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ती गावात गेली आणि डिकॅफ घेऊन आली, म्हणजे जोम काढून घेतलेली कॉफी. आर्विड शेडमध्ये असताना तिने ओट्यावरचा लाल डबा रिकामा केला आणि त्यात ती ओतली. चर्चच्या तळघरात रविवारी कॉफी वाटणाऱ्या यर्डिसलाही तिने विश्वासात घेतलं. यर्डिसने आर्विडसाठी वेगळा थर्मास ठेवला आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या मुठीला चिकटपट्टी लावली. ते सगळं चर्चमध्येच चाललं होतं, म्हणून लवॉनला जरा जास्तच टोचलं. पण नवरा जिवंत हवा होता, आणि त्याच्यापुढे फळीवरचा एक नियम तिला महाग वाटला नाही.

नेमक्या त्याच दिवसांत आर्विडची नवी पावडर आली.

आर्विडने अठ्ठावीस वर्षं एकाच पावडरवर संसार केला होता. सगळे तिला 'जुनी सत्तावीस' म्हणायचे. कारखान्याने ती बंद केली त्याला नऊ वर्षं झाली होती. उघडलेला शेवटचा डबा हिवाळ्यात संपला. आता उरला होता एकच, आठ पौंडांचा, सील न फोडलेला. तो टेबलाखाली जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवला होता. "त्याचा दिवस आला की उघडीन," असं आर्विड म्हणायचा, आणि तो दिवस काही येत नव्हता.

तसं बघितलं तर येण्यासारखं काही घडतही नव्हतं. जुलैमधली हजार यार्डांची नेमबाजीची स्पर्धा वीस वर्षं आर्विड आणि ऑरिन स्टबी आलटून पालटून जिंकत आले होते. गेल्या दोन वर्षांत मात्र आर्विड एकदा नववा आला आणि एकदा पंधरावा. पूर्वी कागदावर त्याच्या पाच गोळ्यांची भोकं लहान बशीत मावत. आता मोठी परात लागायची. पावडर म्हातारी झाली, असं त्याने जाहीर केलं. म्हातारं दुसरं कोणी झालं असेल, असं बोलायची हिंमत फक्त ऑरिनमध्ये होती.

ऑरिन आठ मैलांवरचा शेजारी. बायको जिनी गेल्यापासून दर गुरुवारी जेवायला यायचा, दोनदा वाढून घ्यायचा आणि निघताना टेबलाखालच्या गोधडीची चौकशी करायचा. "म्हातारी बरी आहे ना?" असं विचारायचा. आर्विड म्हणायचा, "तुझ्या हातात पडण्याइतकी आजारी नाही अजून."

नवी पावडर थंडीत आणि उन्हात सारखीच जळते, असं डब्यावर लिहिलं होतं. आर्विडचा डब्यावरच्या नावावर विश्वास होता, डब्यावरच्या बढाईवर नव्हता. तीन आठवडे तो पुस्तकातलं सगळ्यात कमी माप घेऊन कणाकणाने वर चढला. प्रत्येक पुंगळीचं वजन, प्रत्येक गोळीचा वेग वहीत लिहिला. बाकी काही बदललं नाही. तीच रायफल, त्याच गोळ्या, तीच दुर्बीण. सकाळी न्याहारीआधी शेडच्या जमिनीवर पालथं पडून रिकाम्या रायफलने दहा मिनिटं नेम धरायची सवयसुद्धा तीच.

त्या आठवड्यांत त्याचं डोकं दुखायचं. संध्याकाळचं जेवण झालं की तो खुर्चीतच पेंगायचा. लवॉनला कारण माहीत होतं. डिकॅफच्या पाकिटावर ते लिहिलं नव्हतं, पण तिच्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं. कॉफी सुटली की आठ-दहा दिवस असं होतंच. ती मुकाट्याने डोकेदुखीच्या गोळ्या पुढे करायची आणि विषय बदलायची.

मेच्या मध्यावर एका शांत सकाळी ऑरिनला घेऊन तिघं गवताच्या माळावर गेली. लवॉन नेहमीप्रमाणे ओहोळाला वळसा घालून पिकअप पलीकडे घेऊन गेली आणि कागदी निशाणापासून खूप लांब, टेकाडामागे थांबली. पाच आवाज झाले. मग वायरलेसवर आर्विड बोलला, "रायफल रिकामी. जा."

ती कागदापाशी गेली आणि पाहतच राहिली.

"लवॉन, बोल की."

"थांब, मोजते."

"मोजतेस काय? एकतरी लागली का कागदाला?"

सगळ्यात दूरच्या दोन भोकांना तिने टेप लावली. परत लावली. "पावणेपाच इंच," ती म्हणाली.

मग ऑरिनचा आवाज आला. "टेप उलटी धरलीस का गं?"

"तू येऊन मोज. आणि येताना चष्मा आण."

पाचही भोकांवर तिचा तळहात बसत होता. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली, आणि मग हसता हसता तिला फळीवरचा तिसरा नियम आठवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आर्विडने एकच बदलली होती. दुसरी तिने बदलली होती, आणि हे जगात फक्त तिला आणि यर्डिसला माहीत होतं.

आर्विडने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि "छान," एवढंच म्हणाला. लवॉनला वाटलं, आनंदाने वाचा बसली असेल. ऑरिनची वाचा मात्र जागेवर होती. त्याने रविवारपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात डांगोरा पिटला. मंगळवारी लवॉन दुकानात गेली, तर फळीवर नव्या पावडरचा एकही डबा शिल्लक नव्हता. "तुमच्या आर्विडची कृपा," दुकानदार म्हणाला. लवॉनने दोन स्पंज घेतले आणि खाली मान घालून बाहेर पडली.

त्यानंतर आर्विडला झालं तरी काय, ते तिला कळेना. त्याने मागच्या दाराची पायरी दुरुस्त केली, जी अकरा वर्षं उद्यावर ढकलली जात होती. शेडमधल्या प्रत्येक डब्याला, खोक्याला नवी चिठ्ठी लावली. एक दिवस तिला बोलावून वजनकाटा कसा लावायचा ते शिकवायला बसला.

"मला कशाला?" ती म्हणाली. "तू आहेस ना."

"माणसाला आलेलं असावं."

"एकेचाळीस वर्षं या काट्याला फुंकरसुद्धा घालू दिली नाहीस. पावणेपाच इंचांनी एवढी माया आली का?"

तो हसला, पण नेहमीसारखा उलटून बोलला नाही. मोठेपणा डोक्यात गेला की काही पुरुष उदार होतात, असा तिने अर्थ लावला आणि काटा शिकून घेतला.

पुढच्या गुरुवारी ऑरिन जेवायला आला. रोस्ट झालं, बटाटे झाले, रूबार्ब भरलेली गोड पेस्ट्री झाली. आर्विड उठून शेडमध्ये गेला आणि गोधडीत गुंडाळलेला डबा आणून त्याने ऑरिनच्या बशीशेजारी ठेवला.

"घेऊन जा," तो म्हणाला.

ऑरिनचा काटा हवेतच राहिला. "चेष्टा करतोस?"

"नाही. मला आता लागणार नाही."

"उद्या मागशील."

"नाही मागणार."

ऑरिनने लवॉनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ऑरिन उठला. तान्हं मूल न्यावं तसा तो डबा छातीशी धरून गाडीकडे निघाला आणि घाईत आपली टोपी विसरला.

शुक्रवारी सकाळी लवॉनने आर्विडचा कप भरला आणि तो शेडमध्ये गेल्यावर ओट्यासमोर उभी राहिली. गप्प राहिली तर त्याचं हृदय सांभाळलं जाईल, पण अठ्ठावीस वर्षांचा जीव की प्राण तो तिच्या लबाडीवर भुलून देऊन बसला होता. बोलली तर तो तडक गावात जाऊन खरी कॉफी आणेल आणि पुन्हा दोन थर्मास सुरू करेल. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचा तिला रागही येत होता. शेवटी तिने लाल डबा उचलला, शेडमध्ये गेली आणि तो टेबलावर त्याच्या पुढ्यात ठेवला.

टेबलावर आधीच पावडरचा एक डबा होता. आर्विडने तो आधी उचलून फळीवर ठेवला. सवयच तशी.

"यात कॉफी नाही," लवॉन म्हणाली. "म्हणजे आहे. डिकॅफ आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून."

आर्विडने झाकण काढलं, वास घेतला, चिमटीत घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिलं. मग तो दाराच्या फळीकडे बघू लागला.

"दुसरा नियम," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. वाचता येतं."

"चर्चमध्ये?"

"यर्डिस."

"यर्डिससुद्धा!"

"ओरड हवं तर. पण तो डबा परत आण. पावणेपाच इंच पावडरचे नाहीत, आर्विड. निदान सगळे नाहीत. तुझ्या चाचणीत दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि दुसरी मी बदलली. तू खोट्या नोंदीवर सगळं देऊन बसलास."

तो ओरडला नाही. त्याने वही ओढली आणि पानं मागे उलटायला लागला. एका पानावर त्याचं बोट थांबलं. तिने वाकून पाहिलं. गोळ्यांची वही होती, पण समासात पेन्सिलीने भलतंच लिहिलं होतं: 'फुली कमी हलते.' दोन दिवसांनी: 'आणखी कमी.' मग: 'डोकं जड.' आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात: 'फुली थांबली.'

"हे काय?"

आर्विडने चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"पालथं पडून नेम धरला की दुर्बिणीतली फुली उडते. आपल्या छातीच्या ठोक्याने. सगळ्यांचीच थोडी उडते. माझी दोन वर्षं नुसती उड्या मारत होती. मी पावडरला नावं ठेवत होतो, पण ते मला दिसत होतं." तो थांबला. "मग ईस्टरनंतर हळूहळू कमी झाली. मी औषध घेत नव्हतो, काही करत नव्हतो. डोकं दुखायचं, सहा वाजता डोळे मिटायचे. आणि एक दिवस फुली अगदी गप्प. मला वाटलं, संपत आलं. घड्याळाची किल्ली उतरते तसं."

लवॉनला पायरी आठवली. चिठ्ठ्या आठवल्या. वजनकाटा आठवला. ती काडतुसांच्या खोक्यावर बसली.

"तुला वाटलं तू मरतोयस," ती म्हणाली, "आणि तू पायरी दुरुस्त केलीस?"

"तू तिच्यावर अडखळायचीस."

"आणि पावणेपाच इंच?"

"म्हटलं, निदान जाता जाता हा एक चांगला कागद पदरात पडला."

तिने खांद्यावरचा ओट्याचा पंचा काढला आणि त्याला एक फटका मारला. मग दुसरा. तिसऱ्या वेळी तिला रडू आलं, आणि पंच्याने मारायचं की डोळे पुसायचे हे तिला कळेना. तो उठून तिच्याजवळ आला. त्याचेही डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं, आणि ते आवरायचा त्याने काही प्रयत्न केला नाही.

"मला सांगता येत नव्हतं?" ती म्हणाली.

"तुला सांगता येत होतं का?" त्याने लाल डब्यावर टिचकी मारली.

लवॉनने झाकण उचलून डब्यावर परत बसवलं.

"चाचणी परत करावी लागेल," आर्विड नाक शिंकरून म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीचा झाला होता. "कॉफी हीच, पावडर जुनी. त्याशिवाय कळायचं नाही. चल, गाडी काढ."

ऑरिन आपल्या ओसरीवर उभा होता. दोघांना गाडीतून उतरताना पाहून त्याने हातांची घडी घातली. "दिलेलं परत मागायचं नाही. शाळेत शिकवलं नाही का तुला?"

"लवॉनने मला फसवलं," आर्विड म्हणाला.

"मग लवॉनला परत कर. डबा माझा."

लवॉनने सगळी हकीकत सांगितली. ऑरिन ऐकत होता. लाल डब्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा त्याने हात वर केला. "एक मिनिट. गुरुवारची कॉफीसुद्धा?"

"गुरुवारचीसुद्धा."

"तरीच! मी दर गुरुवारी घरी पोचेपर्यंत पेंगुळलेला असायचो. मला वाटलं, तुझ्या बटाट्यांमुळे." तो आर्विडकडे वळला. त्याच्या पुढच्या आवाजात थट्टा नव्हती. "काल रात्री मी डबा उघडला नाही. तू दिलास तेव्हा तुझा चेहरा मला आवडला नव्हता. जिनीने जायच्या आधी मला तिची शिवणाची पेटी दिली होती, अशीच, जेवणाच्या टेबलावर."

ऑरिन आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. एक गोधडीतला. दुसरा जुन्या सत्तावीसचाच, पण रिकामा, लखलखीत पुसलेला.

"हा कुठला?" आर्विडने विचारलं.

"कारखान्याने बंद केली त्या वर्षी संपलेला. नऊ वर्षं जपून ठेवलाय. कधीतरी तू अर्धी देशील आणि मग वेगळ्या नावाच्या डब्यात ओतत नाही म्हणशील, म्हणून."

आर्विडने दोन्ही डब्यांवरची नावं शेजारीशेजारी धरून वाचली. नियमात बसत होतं. त्याने खिशातून चाकू काढला आणि ऑरिनच्या ओसरीवर, भर सकाळी, जुन्या सत्तावीसच्या शेवटच्या डब्याचं सील फोडलं आणि अर्धी पावडर ऑरिनच्या डब्यात ओतली. त्या डब्याचा दिवस आला होता हे तिघांनाही समजलं.

सोमवारी माळावर पुन्हा पाच आवाज झाले. लवॉनने टेप लावली आणि वायरलेस तोंडाशी धरला. "पाच इंच. वर एक रेघभर."

"म्हणजे पावडरीत काही फरक नाही," ऑरिनचा आवाज आला. "दोन वर्षं बिचारीला उगाच शिव्या घातल्यास."

"माफी मागतो तिची," आर्विड म्हणाला.

जूनमध्ये डॉक्टरणीने पुन्हा तारा चिकटवल्या. कागद पाहून तिने भुवया उंचावल्या आणि आर्विडला विचारलं, तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय? "पावणेपाच इंच," तो म्हणाला. डॉक्टरणीने लवॉनकडे पाहिलं. लवॉनने हाताने खूण केली: बरं आहे, लिहा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवॉन स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर लाल डबा होता आणि त्याच्यावर शेडमध्ये वापरतो तसल्या चिकटपट्टीची रुंद चिठ्ठी होती. आर्विडच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'डिकॅफ. उघडला ईस्टर सोमवार. भरणारी लवॉन लोक्कन. फुली स्थिर.' त्याच्या खाली लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेलं आणखी एक वाक्य होतं.

'यात काही बदलू नये.'

तिने दोन कप भरले आणि एक शेडमध्ये घेऊन गेली.